पिठाच्या गिरणीवरचा कॅमेरा

६ मार्च, शुक्रवार

आज नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी. नव्या पाइपलाइनीचं उद्घाटन हुतं. बोळाच्या तोंडाला मांडव, खुर्च्या, हलगी. आमच्या वार्डाचे नगरसेवक अनिलकुमार, सगळी त्यांना आण्णा म्हणत्यात, त्यांनी हार घातलेली तोटी फिरवली आणि धो धो पाणी. फोटो काढले. आमचे हे आण्णांची गाडी चालवत्यात म्हणून मला फुडच्या खुर्चीवर बसवलं. माझं लेकरू ऋतुराज मांडीवर हुतं. त्यानं आण्णांच्या गळ्यातलं एक झेंडूचं फूल तोडून तोंडात घातलं. आण्णा हसले, म्हणले हा आमच्यावर जाणार.

पाण्याला जरा वास हुता. आमच्या कारखान्यातली सोजरबाई म्हणली नव्या पाइपाचा असतोय, जाईल.

ह्यांनी सकाळीच पाण्याचा जार आणून ठेवलाय. म्हणले लेकराला हे पाज, नळाचं नको आत्ता. मी भांडले. नळ आल्यावर जार कशाला, लई श्रीमंत झालाव का. ते चहा तसाच ठेवून गेले. मी रागानं जारचं झाकण उघडलंच न्हाय.

शेजारची सोनम वळलेल्या बिड्या जमा करायला गेलती. तिचं पाणी मी भरलं. घागरी, कळशी, माठ सगळं. आमच्या बोळात जी घरात न्हाय तिचं दुसरीनं भरायचं असतंय. तिची आरोही तांब्या घेऊन माझ्यासंगं ये-जा करत हुती. पाच वर्साची हाय पण काम लई. म्हणली, मावशी, निम्मं मीच भरलं.

९ मार्च, सोमवार

दवाखान्यात हाय. ऋतूला उलट्या आणि जुलाब. डोळे आत गेलेत. टाळू दबली. बोळातली पंधरा-वीस लेकरं आजारी हायत. आण्णांनी फोन केला म्हणून ह्या खाजगी दवाखान्यात लगीच खाट मिळाली. गाडी त्यांचीच, ह्यांनीच आणलं.

सोनमबी आरोहीला घेऊन दारात उभी हुती. ह्यांना म्हणली भाऊ आमाला पण घ्या. हे म्हणले सोडून येतो परत. आण्णांनी दुसरीकडं बोलावलं. सोनम रिक्षानं मोठ्या दवाखान्यात गेली.

देवा माझ्या लेकराला सोड. मी कुणाचं वाईट केलं न्हाय.

११ मार्च

ऋतूनं डोळं उघडलं. दूध प्याला.

आरोही गेली.

१३ मार्च, शुक्रवार

घरी आलो. बोळात कुणाच्या घरात रेडिओ न्हाय का टीव्ही न्हाय. मी सोनमकडं गेले. तिनं मला मिठी मारली आणि म्हणली तुझा वाचला, लई बरं झालं. तिच्या कोपऱ्यात माठ पालथा घातलेला हुता. तो मी भरला हुता. माझ्यानं बसवलं न्हाय, मी ऋतूचं निमित्त सांगून उठले.

चावीवाल्या सिद्धप्पाला पोलिसांनी नेलं. पाणी सोडायची चावी त्याच्याकडं असती. जुनी लाइन गटारीत फुटली म्हणून बंद केलेली, ती त्यानं उघडली म्हणं. टँकरवाल्यांकडून काय तरी घेतलं म्हणून उघडली असं आण्णांची माणसं सांगत्यात. सगळी त्याला शिव्या देत्यात. मीबी दिल्या. त्याची बायको शिवम्मा माझ्यासंगं कापडाच्या कारखान्यात कांडी भरती, मागाला लागती ती सुताची नळी. दिल्यावर तिची आठवण झाली.

१६ मार्च, सोमवार

आज कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत आमच्यावर देखरेख करणाऱ्या येडू जॉबरनं मोबाइल दाखवला. आण्णांनी सगळ्या वार्डात पाठवलेला व्हिडिओ. उद्घाटनादिवशी पहाटं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या कॅमेऱ्यात आलेला. आवाज न्हाय, नुसतं चित्र. सिद्धप्पा चावी घेऊन खड्ड्यापाशी उभा, आण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत्यात, मग सिद्धप्पा खाली वाकून चावी फिरवतो. चित्राच्या खाली मोठ्या अक्षरात लिवलंय, "नको उघडू सिद्धप्पा, लेकरांचं पाणी हाय." म्हंजे आण्णा आडवत हुते आणि त्यानं ऐकलं न्हाय.

हितं एक लिवायला पायजे. आमच्या कारखान्यात माग चालू असले की कानात वरडलं तरी ऐकू येत न्हाय. म्हणून आमी ओठांवर बोलतो. आवाज काढायचाच न्हाय, नुसतं तोंड हलवायचं. शेडच्या ह्या टोकाची त्या टोकाचीला सासूच्या कागाळ्या सांगती. मी लगीन होऊन आले तवा मला काय कळायचं न्हाय, आता झोपेतबी कळंल.

व्हिडिओ बघताना आमी आठ-नऊजणी हुतो. सगळ्यांनी डबे झाकले.

येडू म्हणला, काय गं बायांनो, बघितलं न्हवं?

सोजरबाई म्हणली, चित्र लई बारीक हाय बाबा, मला चष्म्याबिगर दिसत न्हाय. सोजरबाईला शेडच्या त्या टोकाला तुटलेला धागा हितनं दिसतोय.

मग येडूनं मला इचारलं. मी म्हणलं, खाली लिवलंय तसंच.

शिवम्मा भिताडाला टेकून एकलीच जेवत हुती. तिनं वर बघितलं.

१७ मार्च

घरी परत बघितला. पाच-सहा बार बघितला. हितं लिवते, हे कुणी बघणार न्हाय.

सिद्धप्पा म्हणतो, मालक, ही लाइन गटारीत फुटलीया, लेकरं पितील.

आण्णा म्हणत्यात, नवी कुटं हाय आपल्याकडं? नवीचं बिल निघालं, पाइप कुणी बघितला? आज मांडवात पाणी दिसलं पायजे. उघड. मी हाय.

तितंच सगळं आलं. नवी पाइपलाइन न्हाईच. तोटी तेवढी नवी हुती.

त्याच्याफुडं सिद्धप्पा मान वळवून अजून एक बोलतो. ते लिवत न्हाय.

आण्णांची आई सोजरबाईच्या शेजारी बसून कांडी भरायची म्हणं. आण्णा पोरवयात आमच्याच शेडमधी झाडू मारायचे. म्हंजे त्यांना ठाऊक हाय आमाला वाचता येतंय. तरी पाठवला. सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला. ह्याचंच मला भ्या वाटतंय.

१८ मार्च, बुधवार

शिवम्मानं मागाच्या पलीकडनं ओठांवर इचारलं, तुला दिसलं काय. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलत्यात, पण ओठांवरचं मराठी तिचं स्वच्छ हाय.

मी म्हणलं, न्हाय.

तिनं परत इचारलं न्हाय. कांडी बदलली आणि काम करत बसली. माझ्या तीन कांड्यांचा गुंता झाला.

दुपारी माझ्याकडनं चूक झाली. माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. लांबनं सोजरबाईला ओठांवर म्हणलं, आत्या, मी सांगितलं तर आमच्या ह्यांनाबी नेतील. मला वाटलं आवाज न्हाय तर कुणाला कळणार. आजूबाजूला सगळी वाचणारीच हायत हे इसरले. सोजरबाईनं डोळे मोठे केले आणि मागं बघ असं केलं. मागं दारात येडू उभा हुता. त्यानं विडी पेटवली आणि भायेर जाऊन फोन लावला.

१९ मार्च, पाडवा

बोळात कुणी गुढी उभारली न्हाय.

आण्णा सोनमकडं भेटायला आले. संगं लई माणसं. आमचे हे गाडीपाशीच थांबले. आण्णा सोनमच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बसले, म्हणले सिद्धप्पाला फासावर चढवतो. सोनम त्यांच्या पाया पडली. मी ऋतूला घेऊन माझ्या उंबऱ्यात हुते. आण्णा उठले, सगळ्यांच्या डोक्यावरनं माझ्याकडं बघितलं. आणि नुसत्या ओठांनी बोलले. आवाज न्हाय. आजूबाजूच्या कुणालाच कळलं न्हाय.

"बाळ बरं हाय न्हवं? भारतला संभाळ."

आमच्या कांडीवाल्या बायकांसारखं अगदी, आमच्या ह्यांचं नाव घेऊन. मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली. ऋतू त्यांच्याकडं बघून हसला.

मग डब्यात पेढे पाठवले, ऋतूच्या तब्येतीसाठी. मी ते घेतले. टाकता आले न्हाईत. टाकले तर कुणी तरी बघंल.

२३ मार्च, सोमवार

आज सोनमनं शिवम्माला मारलं. किराणाच्या दुकानापाशी. शिवम्मा साखर घेत हुती. सोनम म्हणली, तुझ्या घरात गोड करती व्हय गं, आणि कानशिलात दिली. दुसरी दिली. माणसं बघत हुती, कुणी सोडवलं न्हाय. मीबी न्हाय. शिवम्माची बांगडी फुटली. ती खाली सांडलेली साखर बघत हुती.

मग तिनं माझ्याकडं बघून ओठांवर म्हणलं, तू तरी सांग की.

मी तितनं निघाले. व्हिडिओत शेवटी हेच शब्द हायत, मी लिवले न्हाईत ते.

२४ मार्च

लिवते. सिद्धप्पा मान वळवून शेवटी काय म्हणतो ते.

"भारत, तू तरी सांग की मालकाला."

भारत आमच्या ह्यांचं नाव. तोंडानं घेत न्हाय म्हणून हितं लिवलं. ते चित्रात दिसत न्हाईत. पण तितं हुते.

शिवम्माला हे पयल्या दिवशीच दिसलंय. सोजरबाईला दिसलंय. सगळ्यांना. आणि कुणी माझ्याजवळ बोललं न्हाय. मी मात्र शिवम्माला तोंडावर म्हणलं, दिसलं न्हाय.

संध्याकाळी हे जेवाय बसले तवा इचारलं, जार कशाला आणला हुता त्यादिवशी.

हातातला घास तसाच राहिला. म्हणले मी गाडीत हुतो.

मी म्हणलं, काच खाली हुती का?

ताटाकडं बघत म्हणले, व्हय.

मी ताट उचललं. त्यांना वाटलं असंल मी वरडणार. मी भांडी घासायला बसले. आपल्या लेकरासाठी जार आणला आणि सोनमचा माठ मला भरू दिला. मग माझंच मन म्हणतंय, मी तरी त्या रागात इचारलं का, का आणला म्हणून. एक बार नीट इचारलं असतं तर ह्यांना खोटं बोलता येत न्हाय. आरोही आज बालवाडीत गेली असती.

२५ मार्च

शिवम्माच्या वकिलानं अर्ज दिलाय की कांडीवाल्या बायकांना बोलवा, त्या ओठ वाचत्यात. शुक्रवारी शाळेच्या हॉलमधी चौकशी हाय. ज्यांना यायचं त्यांनी या. येडूनं सांगितलं, जी जाईल तिनं शनिवारी कामावर यायचं न्हाय. सोजरबाई म्हणली, मग शनिवारी मी पाय पसरून झोपीन की रे, किती वर्सं झाली. सगळ्याजणी हसल्या. पण जाते असं कुणी म्हणलं न्हाय.

हे म्हणत्यात गावाकडं जाऊ, सांगोल्याकडं, आईकडं. मेंढरं राखू. आण्णा लेकराला काय करतील काय सांगता येत न्हाय.

मला लई भ्या वाटतंय. ऋतूला सारखं उचलून घेते. तो चालायला बघतोय, मी खाली सोडत न्हाय.

२७ मार्च, शुक्रवार

गेले.

ह्यांना सांगितलं न्हाय. ऋतूला कडेवर घेऊन गेले. हॉलमधी सोनम, तिचा नवरा, बोळातली माणसं, आण्णांची माणसं. आण्णा फुडच्या रांगेत. शिवम्मा एका बाजूला. मला वाटलं मी एकलीच. मागनं सोजरबाई आली, तिच्या मागं आमच्या शेडमधल्या पाच-सहाजणी, नटून, लग्नाला आल्यासारख्या.

चौकशीच्या साहेबांनी एकेकीला आतल्या खोलीत बोलावलं. बाकीच्यांनी भायेर. मी पयली. साहेबांनी मोठ्या पडद्यावर लावलं. म्हणले, खाली लिहिलेलं वाचायचं नाही, तोंडं बघून सांगा. मी सांगितलं. गटारीत फुटलीया, लेकरं पितील. नवी कुटं हाय आपल्याकडं. बिल निघालं, पाइप कुणी बघितला. उघड, मी हाय.  साहेब लिवत हुते.

मग पडद्यावर सिद्धप्पानं मान वळवली.

साहेब म्हणले, पुढं काय म्हणतोय तो?

ऋतू माझ्या मंगळसूत्राशी खेळत हुता. नवऱ्याचं नाव कसं घेऊ असं मनात आलं. बायका घेत न्हाईत. ते काय कारण न्हवं, मला ठाऊक हाय, पण तवा तेच धरून बसले.

मी म्हणलं, तितं त्यानं तोंड फिरवलं साहेब, दिसत न्हाय.

माझ्यामागं सगळ्याजणी आत गेल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. सगळ्याजणी तितंच थांबल्या. शेवटी साहेबांनी आमाला सगळ्यांना हॉलमधी उभं केलं आणि इचारलं, तुमी सगळ्या एकाच जागी कशा थांबता? त्याचं तोंड तर मलासुद्धा दिसतंय.

साहेबांनी शिवम्माला इचारलं, बाई, तुमचा नवरा आहे, तुमाला तरी कळलं असंल.

शिवम्मानं माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. तिचा नवरा कोठडीत बसलाय, तिच्या गालावर अजून सोनमचा हात हाय. म्हणली, न्हाय साहेब. तितं दिसत न्हाय.

मग मला ओठांवर म्हणली, पुरं. लेकरू हाय तुझं.

त्यापरीस तिनं माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शनिवार

सिद्धप्पा जामिनावर सुटला. पण चावी त्यानंच फिरवली म्हणून केस त्याच्यावरबी हाय. तो कुणाकडं बघत न्हाय म्हणं. आण्णांना न्यायला पोलीस गेले तर त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात झोपलेत. सोजरबाई म्हणली, छातीत काय हाय ते पयलं बघा म्हणावं.

ह्यांना कामावरनं काढलं. मलाबी, सगळ्याजणींना.

सोनम आली. आधी शिवम्माकडं गेलती, तिच्या पाया पडून आली. मग माझ्याकडं. माझे दोन्ही हात डोळ्याला लावले. म्हणली तू लेकरू कडेवर घेऊन उभी राहिलीस, माझ्या आरोहीला तुझ्यामुळं न्याय मिळतोय. माझ्यापायी भारतभाऊंची नोकरी गेली गं. हे आतच हुते. दाराआड.

मी म्हणलं, असं काय बोलू नको. तिनं ऋतूचा मुका घेतला आणि म्हणली, ह्याला बघितलं की बरं वाटतंय.

ती गेल्यावर मी हात धुतले, परत धुतले.

२९ मार्च

हे इचारत हुते, माझं नाव आलं का. म्हणलं, न्हाय. म्हणले, सिद्धप्पा मला बोलला हुता त्यात. म्हणलं, ठाऊक हाय. दिसलं.

ऋतूचं पांघरूण नीट केलं. मग म्हणले, मी काच वर घेतली. त्यानं हाक मारल्यावर.

हे मला ठाऊक न्हवतं. हे कुठल्या कॅमेऱ्यात न्हाय.

मी म्हणलं, तुमी सोनमला सांगा. मग साहेबांना सांगा. न्हाय तर मी सांगते, नाव घेऊन सांगते.

म्हणले, मला आत टाकतील.

म्हणलं, व्हय.

म्हणले, तू लेकराला घेऊन काय करशील?

म्हणलं, सांगोल्याला न्हाय जात. हितंच कांडी भरीन कुणाकडं तरी. सोनमच्या दारासमोर राहून तिच्या डोळ्याला माझे हात लावून घेणं माझ्यानं व्हणार न्हाय.

माझंच आयकून मला भ्या वाटलं. आता तोंडातनं गेलं ते गेलं.

३० मार्च, सोमवार

सकाळी हे उठले, आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला. ऋतूच्या डोक्यावरनं हात फिरवला. माझ्याकडं बघितलं न्हाय. बोळ ओलांडून सोनमच्या दारात जाऊन उभे राहिले. ती भायेर आली.

त्याच येळला पाण्याचा टँकर आला. मोटर चालू, बायका घागरी घेऊन वरडत्यात, काय ऐकू येईना. मी आमच्या उंबऱ्यातनं बघत हुते. ह्यांचं तोंड माझ्याकडं हुतं. मला सगळं दिसलं. वैनी, मी तितं हुतो. मला आधी ठाऊक हुतं. मी माझ्या घरी जार आणला. तुमाला सांगितलं न्हाय. सिद्धप्पानं हाक मारली, मी काच वर घेतली. काय पण ऱ्हाऊ दिलं न्हाय. शेवटी म्हणले, ही निम्मंच बोलली ती माझ्यापायी. मग हात जोडले.

सोनमची पाठ माझ्याकडं हुती. ती काय तरी बोलली, तिची मान हलली, वेणी हलली. लई येळ बोलली. हे नुसते खाली बघत ऐकत हुते.

मग हे तितनंच पोलीस चौकीकडं वळले, घरात आले न्हाईत. टँकर गेला. बोळ शांत झाला. सोनम तशीच उभी हाय, पाठमोरी. मी ऋतूला घेऊन उंबऱ्यात बसलीया. ती काय म्हणली ते मला दिसलं न्हाय.